टोटल लॉसची गाडी घ्यायची, दुरुस्त करून विकायची, असा साइड बिझनेस डोक्यात आहे? मग आधी हा कागदांचा विषय समजून घ्या

असं रील तुम्हीही पाहिलं असेल. पुढून चेपलेली एक हॅचबॅक क्रेनवरून गॅरेजमध्ये उतरते. मग फास्ट फॉरवर्डमध्ये बॉनेट बदलतं, डेंटिंग होतं, पेंट मारला जातो आणि तिसाव्या सेकंदाला तीच गाडी शोरूममधून आल्यासारखी चकाचक उभी असते. खाली लिहिलेलं असतं, ‘१ लाख ४० हजाराला घेतली, साडेतीनला विकली. तेही नोकरी सांभाळून.’

बघणाऱ्याच्या डोक्यात लगेच गणित सुरू होतं. शनिवार-रविवार तर आपणही मोकळेच असतो, ओळखीचं गॅरेज आहे, महिन्याला एक गाडी फिरवली तरी काय वाईट? मग चार मित्र मिळून पैसे गोळा करतात, पहिली गाडी येते, दुरुस्त होते, विकलीही जाते. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच सहा महिन्यांनी एक फोन येतो. ‘ती गाडी अजून माझ्याच नावावर दिसतेय आणि मला कोर्टाची नोटीस आलीय.’

फोन असतो गाडीच्या मूळ मालकाचा. आणि रीलमध्ये न दिसलेला भाग इथून सुरू होतो.

हा प्रसंग आम्ही उदाहरण म्हणून रचलाय, पण त्यातली अडचण शंभर टक्के खरी आहे. अपघातात किंवा पुरात सापडलेली गाडी विकत घेणं हा गुन्हा नाही, ती दुरुस्त करणंही नाही. पण धंदा म्हणून जुन्या गाड्या घ्यायच्या-विकायच्या तर १ एप्रिल २०२३ पासून आरटीओची अधिकृत परवानगी लागते. ती का लागते, कशी मिळते आणि साइड बिझनेस करणाऱ्याचं घोडं नेमकं कुठे अडतं, हे एक एक करून बघू.

गाडी ‘टोटल लॉस’ होते म्हणजे नक्की काय होतं?

समजा, एका गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने पॉलिसीत धरलेली किंमत ५ लाख रुपये आहे. अपघात झाला, सर्व्हेअर आला, त्याने दुरुस्तीचा खर्च काढला. हा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर, म्हणजे आपल्या उदाहरणात पावणेचार लाखांच्या वर गेला, तर कंपनी ती गाडी दुरुस्त करत बसत नाही. ती गाडी ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’मध्ये टाकली जाते.

म्हणजे गाडी कायमची संपली असं नाही. कंपनीच्या हिशेबात ती दुरुस्त करणं परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कंपनीचं एस्टिमेट अधिकृत वर्कशॉपचं आणि नव्या पार्टचं असतं. तेच काम बाहेरच्या गॅरेजमध्ये जुने पार्ट वापरून बरंच स्वस्तात होतं. सगळा धंदा या फरकावर उभा आहे.

मग उरलेल्या गाडीला, म्हणजे सॅल्व्हेजला, गिऱ्हाईक शोधलं जातं. बऱ्याचदा ऑनलाइन लिलाव होतो. समजा सगळ्यात मोठी बोली १ लाख ४० हजारांची लागली. आता क्लेम मिटवण्याचे ढोबळमानाने दोन रस्ते असतात. एका रस्त्यात सॅल्व्हेजचे पैसे वजा करून उरलेली रक्कम कंपनी मालकाला देते, आणि ते १ लाख ४० हजार मालकाला गाडी घेणाऱ्याकडून मिळतात. दुसऱ्या रस्त्यात कंपनी पूर्ण रक्कम देते आणि गाडीची विल्हेवाट स्वतः लावते.

आणि इथेच लाखमोलाचा प्रश्न येतो. गाडीसोबत आरसी येणार की नाही?

‘विथ आरसी’ आणि ‘विदाऊट आरसी’

सॅल्व्हेजच्या बाजारात हे दोन शब्द रोज ऐकू येतात. ‘विथ आरसी’ म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र चालू आहे, ते तुमच्या नावावर करून गाडी पुन्हा रस्त्यावर आणता येऊ शकते. ‘विदाऊट आरसी’ म्हणजे नोंदणी रद्द झालेली किंवा होणार असलेली गाडी. ती फक्त भंगार आणि पार्टच्या भावाने घ्यायची.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं की गाडी नष्ट झाली किंवा कायमची वापरण्यालायक राहिली नाही, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवायचं आणि आरसी जमा करायची. मग नोंदणी रद्द होते. अशी गाडी तुम्ही कितीही चकाचक केली तरी ती रस्त्यावर आणता येत नाही. तिची योग्य जागा म्हणजे अधिकृत स्क्रॅपिंग केंद्र, ज्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये वेगळे नियम केलेत.

त्यात भारतात अजून एक अडचण आहे. अमेरिकेत टोटल लॉस झालेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावर ‘सॅल्व्हेज’ असा शेराच मारला जातो, त्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाला गाडीचा इतिहास कागदावरच दिसतो. आपल्या आरसीवर असा शेरा नसतो. गाडी झाडावर आदळून अर्धी झाली होती की २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात चार दिवस पाण्याखाली होती, हे आरसी वाचून कळत नाही.

साधी, सरळ चाललेली गाडी आणि टोटल लॉसमधून उठलेली गाडी, दोन्हींची आरसी दिसायला सारखीच. म्हणूनच या आरसीला बाजारात मोठी किंमत आहे.

पत्र्यापेक्षा कागद महाग का?

एखादी गाडी इतकी चेपलीय की ती उभी करायला चार लाख लागतील. तरी कोणीतरी ती दीड लाखाला घेतो. का? कारण त्याला गाडी नकोच असते, त्याला हवी असते आरसी आणि चेसिस नंबर.

प्रकार असा चालतो. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी कुठून तरी चोरायची. तिचा मूळ चेसिस नंबर घासून टाकायचा, त्या जागी भंगार गाडीचा नंबर ठोकायचा. आरसी खरी, नंबर प्लेट खरी, फक्त गाडी चोरीची. देशात ठिकठिकाणी पोलिसांनी अशा टोळ्या पकडल्यात.

नवी मुंबईचं प्रकरण तर याच धंद्याचं वेगळं रूप होतं. पुरात खराब झालेल्या बीएस-४ गाड्या भंगार म्हणून विकल्या गेल्या होत्या. त्या भंगारात न जाता चेसिस नंबरमध्ये फेरफार करून पुन्हा गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. २०२१ मध्ये नवी मुंबई पोलिसांनी हा प्रकार उघड केला आणि शंभराहून जास्त गाड्या जप्त केल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाड्यांची नवीन नोंदणीच बंद झाली होती, तरीही त्या लोकांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

अशा प्रकरणात पैसे मोजून गाडी घेतलेल्या माणसाची गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात जाते आणि तो जबाब देत फिरतो.

आता विचार करा, अशा साखळीत मधे कुठेतरी तुम्ही आहात. लिलावातून घेतलेली गाडी तुम्ही एका ‘पार्टी’ला जशीच्या तशी विकली आणि त्याने तिची आरसी चोरीच्या गाडीला लावली. किंवा तुम्ही दुरुस्तीसाठी घेतलेला अर्धा सांगाडाच चोरीच्या गाडीचा निघाला. पोलीस सगळ्यात आधी विचारतात, गाडी तुमच्याकडे कधी आली, कोणाकडून आली, कोणाला दिली? कागद दाखवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, तो अप्रामाणिकपणे घेतला तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. सवयीने असा व्यवहार करणाऱ्याला तर थेट जन्मठेपेपर्यंतची तरतूद आहे. तुम्ही प्रामाणिक असाल, पण ते दाखवायला कागद नसेल तर तुमचा शब्द एवढाच पुरावा उरतो.

गाडी तुमच्याकडे, नाव दुसऱ्याचं

आता सुरुवातीच्या त्या फोनकडे येऊ.

जुन्या गाड्यांच्या धंद्यात वर्षानुवर्षं एक पद्धत चालत आलीय. मालकाकडून ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्यायच्या, घेणाऱ्याचं नाव कोरं ठेवायचं. गाडी दोन-तीन हातांतून फिरली की शेवटच्या गिऱ्हाइकाचं नाव त्यात भरायचं. मधल्यांची नावं कागदावर येतच नाहीत. ट्रान्सफरचा खर्च वाचतो आणि आरसीवर मालकांची संख्याही वाढत नाही.

कायदा मात्र वेगळं सांगतो. कलम ५० नुसार त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

कळवलं नाही तर काय होतं, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात दिलंय. एका माणसाने २००७ मध्ये गाडी विकली. ती पुढे एकाकडून दुसऱ्याकडे अशी फिरत राहिली, पण आरटीओत नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला आणि त्यात एकाचा जीव गेला. पहिला मालक म्हणाला, मी तर गाडी कधीच विकलीय. न्यायालयाने सांगितलं की कायद्याच्या व्याख्येनुसार ज्याच्या नावावर नोंदणी, तोच मालक. नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. यामागचा विचार साधा होता, अपघातात सापडलेल्या माणसाने भरपाईसाठी गाडीच्या एकामागून एक मालकांचा माग काढत फिरायचं का?

टोटल लॉसच्या गाडीत हा धोका दुप्पट होतो. मूळ मालकाला क्लेम मिळालेला असतो, त्याच्या दृष्टीने विषय संपलेला असतो. विमा पॉलिसीही क्लेमबरोबर संपलेली असते. म्हणजे तुम्ही गाडी दुरुस्त करून ट्रायल मारायला हायवेवर काढली, तर ती दुसऱ्याच्या नावावरची आणि विनाविम्याची गाडी असते. त्या दहा किलोमीटरमध्ये कोणाला धक्का लागला तर भरपाईचा आकडा कोणाच्या तरी घरावर येणार, आणि तो आधी अशा माणसाच्या दारात जाणार ज्याला गाडी कुठे आहे हेही माहीत नाही.

१ एप्रिल २०२३ पासून काय बदललं?

हीच पोकळी भरायला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल केले. नियम ५५ए पासून पुढे एक नवा भागच जोडला गेला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. ‘नोंदणीकृत वाहनांचा डीलर’ ही ओळख पहिल्यांदा नियमात आली. त्यातले मुख्य मुद्दे असे :

पहिला, जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करणाऱ्याने आरटीओकडे फॉर्म २९ए मध्ये अर्ज करायचा. मंजूर झाला की फॉर्म २९बी मध्ये अधिकृतता प्रमाणपत्र मिळतं. ते ५ वर्षांसाठी असतं.

दुसरा, मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की दोघांनी मिळून फॉर्म २९सी मधून ऑनलाइन तशी माहिती द्यायची. त्या क्षणापासून डीलर हा त्या गाडीचा ‘मानीव मालक’ होतो. आरसीवर नाव जुन्या मालकाचं असलं तरी गाडीची, तिच्या कागदांची आणि तिच्या हातून घडणाऱ्या अपघाताची जबाबदारी डीलरवर येते.

तिसरा, ताब्यातल्या गाडीसाठी आरसीचं किंवा फिटनेसचं नूतनीकरण, डुप्लिकेट आरसी, एनओसी आणि मालकी बदल यासाठी डीलर स्वतः अर्ज करू शकतो. मालकाच्या मागे सह्यांसाठी फिरावं लागत नाही.

चौथा, ती गाडी डीलरने स्वतःच्या कामाला वापरायची नाही. गिऱ्हाइकाला ट्रायल देणं, दुरुस्ती, रंगकाम, तपासणी अशा कारणांसाठीच ती रस्त्यावर काढता येते. प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक रजिस्टरमध्ये ठेवायची, कोण चालवत होतं, कशासाठी, कधी, किती किलोमीटर.

बऱ्याच जणांचा इथे एक गोंधळ होतो. शोरूमवाल्यांकडे जे ट्रेड सर्टिफिकेट असतं ते नोंदणी न झालेल्या नव्या गाड्यांसाठी असतं. आपण बोलतोय ते प्रमाणपत्र त्याहून वेगळं आहे.

मग साइड बिझनेसवाल्याचं घोडं कुठे अडतं?

अमेरिकेतल्या अनेक राज्यांत वर्षाला ठराविक संख्येपर्यंत गाड्या विकल्या तर डीलरचा परवाना लागत नाही. आपल्या नियमांत ‘साइड बिझनेस’ असा वेगळा कप्पा नाही. स्वतःची वापरलेली गाडी विकायला कोणाची परवानगी लागत नाही, पण विकण्यासाठीच गाडी घेतली, पुन्हा पुन्हा घेतली, तर तो धंदा झाला. मग दिवसा तुम्ही बँकेत असा नाहीतर कॉलेजात.

दुसरी अडचण जागेची. अर्जात धंद्याची जागा दाखवावी लागते. सोसायटीचं पार्किंग किंवा मामाच्या घरामागची मोकळी जागा रीलला चालते, अर्जाला अडचणीची ठरते. सोसायटीत एक चेपलेली गाडी आठवडाभर उभी राहिली तरी कमिटीची नोटीस येते. भाड्याने गाळा घ्यायचा तर महिन्याला एका गाडीच्या नफ्यातून भाडंही सुटत नाही. त्यावर दुकानाची नोंद येते, ज्याला आपण अजूनही गुमास्ता म्हणतो. २०१७ च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, त्यामुळे हा टप्पा तसा सोपा आहे.

तिसरी अडचण नोकरीची. तुम्ही राज्य सरकारी कर्मचारी असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. खासगी कंपनीत असाल तर अपॉइंटमेंट लेटरमधली दुसऱ्या व्यवसायाबद्दलची अट एकदा वाचून काढा.

चौथी अडचण वेळेची. फॉर्म २९सी भरणं, फेऱ्यांची नोंद ठेवणं, आरटीओचा पाठपुरावा करणं, ही कामं फक्त रविवारी होत नाहीत.

‘मी प्रत्येक गाडी आधी माझ्या नावावर करून घेतो, मग विकतो’

हा प्रश्न येणारच. वर्षा-दोन वर्षांत एखादी गाडी घ्यायची, काही महिने स्वतः वापरायची आणि विकायची, असं असेल तर हा सगळ्यात स्वच्छ रस्ता आहे. नाव तुमचं, विमा तुमचा, जबाबदारी तुमची.

पण यात दोन गोष्टी होतात. एक, प्रत्येक ट्रान्सफरला पैसे आणि दिवस जातात. दुसरी, आरसीवर मालकांची संख्या वाढते. ‘फर्स्ट ओनर’ची गाडी तुमच्यामुळे ‘सेकंड ओनर’ होते आणि गिऱ्हाईक लगेच भाव पाडतं. टोटल लॉसची गाडी आधीच तिसऱ्या मालकाची असेल तर तुमच्यानंतर ती पाचव्याच्या नावावर जाणार. महिन्याला एक गाडी अशी फिरवायला लागलात तर आरसीवर नाव असलं तरी तो धंदाच दिसतो. मग परवानगीचा प्रश्न फिरून तुमच्याच दारात येतो.

आता पैशांचा हिशेब करू

रीलमधलेच आकडे घेऊ. खरेदी १ लाख ४० हजार, विक्री साडेतीन लाख. दुरुस्ती १ लाख ३० हजार. क्रेन, विमा, ट्रान्सफर आणि इतर किरकोळ खर्च २० हजार. हातात उरले ६० हजार.

आता जीएसटी. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याने जुनी गाडी विकली तर जानेवारी २०२५ पासून सगळ्या प्रकारच्या गाड्यांना १८ टक्के दर लागतो. तो पूर्ण किमतीवर नाही, मार्जिनवर लागतो. ऐकायला बरं वाटतं. पण मार्जिन म्हणजे नफा नव्हे. मार्जिन म्हणजे विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत. दुरुस्तीचा खर्च त्यात धरला जात नाही.

म्हणजे साडेतीन लाख वजा १ लाख ४० हजार, मार्जिन झालं २ लाख १० हजार. त्याचे १८ टक्के ३७,८००. गिऱ्हाईक साडेतीनच्या वर एक रुपया द्यायला तयार नसेल तर कराचा हा भार तुमच्या ६० हजारांतूनच जाणार. उरले साधारण २२ हजार. त्यावर पुन्हा धंद्याचं उत्पन्न म्हणून आयकर.

साध्या जुन्या गाडीत दुरुस्ती कमी असते, त्यामुळे मार्जिन आणि नफा जवळजवळ सारखे येतात. टोटल लॉसच्या गाडीत खरेदी स्वस्त आणि दुरुस्ती महाग, त्यामुळे कराचा हा चटका याच धंद्याला जास्त बसतो. छोट्या उलाढालीला नोंदणीतून सूट आहे, महाराष्ट्रात वस्तूंच्या विक्रीसाठी ही मर्यादा वर्षाला ४० लाखांची आहे. पण तुम्ही परराज्यातल्या गिऱ्हाइकाला गाडी विकली तर ही सूट सहसा चालत नाही. स्वतःच्या आकड्यांवर एकदा सीएशी बोलून घेतलेलं बरं.

दुरुस्तीतले कागद वेगळेच

समजा गाडीचं इंजिन बदललं. आरसीवर जुन्या इंजिनाचा नंबर आहे. आरटीओच्या मंजुरीने नवा नंबर चढवून घेतला नाही तर ट्रान्सफरच्या वेळी गाडी अडकते. दुसऱ्या इंजिनाचं बिल नसेल तर ते चोरीचं नाही हे कसं दाखवणार? चेसिस नंबर असलेल्या भागाला मार लागला असेल तर त्या गाडीच्या वाटेला न गेलेलंच बरं. तिथे वेल्डिंगची एक रेघ दिसली तरी संशय तुमच्यावर येतो.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय बोजा उतरत नाही. नवा विमा काढताना कंपनी गाडीची तपासणी मागते, जुना क्लेम पाहून सर्वसमावेशक पॉलिसीला नकारही देऊ शकते. निदान थर्ड पार्टी विमा काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायचीच नाही.

आणि एअरबॅग. अपघातात उघडलेली एअरबॅग बदलायला महाग असते, म्हणून काही जण नुसतं कव्हर शिवून डॅशबोर्डवरचा दिवा बंद करून टाकतात. पुढे त्या गाडीत बसलेल्या कुटुंबाला ऐन वेळी एअरबॅग मिळतच नाही. पुराच्या गाडीत वायरिंग आणि सेन्सर महिन्यांनंतर दगा देतात. गाडीचा हा इतिहास लपवून विकलीत तर गिऱ्हाईक ग्राहक आयोगात जाऊ शकतं, फसवणुकीची तक्रारही करू शकतं. टोटल लॉस झालेली गाडी आहे हे लिहून द्या, दुरुस्तीची बिलं आणि फोटो जोडा, भाव थोडा कमी घ्या.

करायचंच असेल तर कसं करावं?

सुरुवात एखाद्या अधिकृत डीलरसोबत करा. गाडी त्याच्या नावाने फॉर्म २९सी वर येऊ द्या, तुम्ही गाडी शोधण्याचं किंवा दुरुस्तीचं काम घ्या आणि त्याचे पैसे बिलावर घ्या. वर्षभरात धंदा जमतोय असं दिसलं तर गाळा, फॉर्म २९ए आणि जीएसटी हे सगळं एकदमच करा.

बोली लावण्याआधी चार गोष्टी बघा. वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर आरसी चालू आहे का, बोजा आहे का, ब्लॅकलिस्टमध्ये आहे का. गाडीवरचा चेसिस नंबर प्रत्यक्ष वाचून आरसीशी जुळवा. क्लेम कोणत्या अटीवर मिटलाय, विथ आरसी की विदाऊट, हे लेखी घ्या. आणि कोऱ्या फॉर्मवर सही घेऊ नका, देऊ तर अजिबात नका.

हे शेवटचं वाक्य धंदा न करणाऱ्यांसाठीही आहे. उद्या तुमची स्वतःची गाडी टोटल लॉस झाली आणि कोणी म्हणालं, ‘साहेब, इथे दोन सह्या करा, बाकी आम्ही बघतो’, तर थांबा. घेणाऱ्याचं नाव भरल्याशिवाय सही करू नका. तो डीलर असेल तर त्याचं प्रमाणपत्र मागा आणि फॉर्म २९सी ची पोच घ्या. डीलर नसेल तर ट्रान्सफर झाल्याचं ॲपवर दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. गाडी पूर्ण गेलेली असेल तर नोंदणीच रद्द करून घ्या.

परवान्याची ही भानगड बाहेरून बघितलं तर आरटीओची आणखी एक कटकट वाटते. पण गाडी एकाच्या ताब्यात आणि नाव दुसऱ्याचं, असा जो मधला काळ असतो, त्यात काही झालं तर जबाबदार कोण, एवढंच हे नियम ठरवतात. रीलमधला माणूस गाडी साडेतीनला विकून मोकळा झालेला दिसतो. तो खरंच मोकळा झालाय का, हे ॲपवर त्या गाडीचा नंबर टाकला की कळेल.

तुमची एखादी जुनी गाडी विकून झालीय? मग आज तिचा नंबर ॲपवर टाकून बघा, नाव कोणाचं दिसतंय? अजून तुमचंच दिसत असेल तर हा लेख गाडी घेणाऱ्याला पाठवा, आणि काय उत्तर आलं ते कमेंटमध्ये सांगा.